स्ट्रोकच्या संशोधनाला दिलेल्या देणगीचं पुढे काय होतं?

प्रश्न असा आहे: "मागच्या वर्षी वडिलांना स्ट्रोक झाला. आता ते बरेच सावरले आहेत. त्यांच्या नावाने आम्ही भावंडं काही रक्कम स्ट्रोकवरच्या संशोधनाला द्यायचं म्हणतोय. पण संशोधनावर सरकारं खर्च करतात, औषध कंपन्या तर त्याहून जास्त करतात. मग धर्मादाय संस्थांच्या पैशातून होणाऱ्या संशोधनाने स्ट्रोक टळायला किंवा उपचार सुधारायला खरंच मदत होते का? की तेवढे पैसे सरळ एखाद्या गरजू रुग्णाच्या औषधपाण्याला द्यावेत?"

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे आणि माझं बहुतेक काम स्ट्रोकच्या रुग्णांमध्येच चालतं. मदत होते, हे मी खात्रीने सांगतो, कारण वॉर्डात रोज घेतल्या जाणाऱ्या कितीतरी निर्णयांच्या मागे देणगीच्या पैशातून झालेल्या चाचण्या आहेत. रुग्णाला किंवा नातेवाइकांना ते कळत नाही, कारण औषधाच्या पाकिटावर किंवा डिस्चार्ज कार्डावर ते कुठे लिहिलेलं नसतं. एखाद्या रुग्णाचं बिल भरणंही चांगलंच काम आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण तुम्ही संशोधनाबद्दल विचारलं आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. स्ट्रोकबद्दलच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधलं जाईल, हे बऱ्याच अंशी त्या उत्तरातून कोणाला काय मिळणार यावर ठरतं. कंपनी तिच्या नव्या औषधाची किंवा उपकरणाची चाचणी करते. ते योग्यच आहे, त्यातून चांगली औषधं आली आहेत. पण ज्या गोळीचं पेटंट कधीच संपलं आहे, जी कोणीही बनवू शकतं आणि जी मातीमोल भावाने मिळते, तिच्यावर हजारो रुग्णांची चाचणी कंपनी कशासाठी करेल? रुग्णाला कधी उठवून बसवावं, गिळता येत नसेल तर नळीने अन्न कधी सुरू करावं, पायात घट्ट मोजे घालावेत की नाही, घरी गेल्यावर बोलणं परत येण्यासाठी काय करावं, या प्रश्नांतून तर कोणाचाच माल विकला जात नाही. सरकारी निधी इथे येतो, पण त्याच्या दारात सगळ्या आजारांची रांग असते आणि तो बहुधा आधी थोडा पुरावा मागतो. हा पहिला पुरावा उभा करणं आणि ज्याला कोणी वाली नाही तो प्रश्न हाती घेणं, ही दोन कामं धर्मादाय पैशाने सगळ्यात चांगली केली आहेत.

अ‍ॅस्पिरिनपासून सुरुवात करतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन स्ट्रोक झाला, तर सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री करून आम्ही लवकरात लवकर अ‍ॅस्पिरिन सुरू करतो. (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं असेल तर साधारण २४ तास थांबतो.) हे आज इतकं अंगवळणी पडलंय की त्याचाही कधी प्रश्न होता हे नव्या डॉक्टरांना ठाऊक नसतं. १९९७ साली 'इंटरनॅशनल स्ट्रोक ट्रायल' प्रसिद्ध झाली. ३६ देशांतले १९,४३५ रुग्ण तीत होते आणि तिला पैसा देणाऱ्यांत ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिल या सरकारी निधी संस्थेबरोबर तिथली स्ट्रोक असोसिएशन ही धर्मादाय संस्था होती. त्याच वर्षी चीनमधून अशीच २१ हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी आली. दोन्ही मिळून असं दिसलं की लगेच अ‍ॅस्पिरिन दिल्याने पहिल्या काही आठवड्यांत दर हजार रुग्णांमागे सुमारे ९ मृत्यू किंवा पुन्हा होणारे स्ट्रोक टळतात. हजारात ९ हा आकडा ऐकायला लहान वाटेल. पण जगात दर वर्षी सुमारे १ कोटी २० लाख लोकांना नव्याने स्ट्रोक होतो आणि त्यातले बहुसंख्य गुठळीचे असतात. इतक्या स्वस्त गोळीचा एवढा छोटा फायदा पकडायलाच चाळीस हजार रुग्ण लागले. शे-दोनशे रुग्णांत तो दिसलाच नसता.

आता याच गोळीचा दुसरा, जास्त अवघड प्रश्न. एखादा माणूस हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन घेत असतो आणि त्याला मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा स्ट्रोक. तेव्हा अ‍ॅस्पिरिन बंद करतात. माणूस वाचतो, घरी जातो. महिन्या-दोन महिन्यांनी बाह्यरुग्ण विभागात येतो आणि त्याची मुलगी विचारते, "डॉक्टर, ती गोळी परत सुरू करायची का?" सुरू केली तर पुन्हा रक्तस्राव होईल ही भीती, न करावी तर हृदयविकाराचा झटका किंवा गुठळीचा स्ट्रोक येईल ही भीती. वर्षानुवर्षं दोन डॉक्टर या प्रश्नाची दोन उत्तरं देत आले. दोघांकडेही पुरावा नव्हता.

यावर 'रीस्टार्ट' ही चाचणी एडिनबरा विद्यापीठाचे रुस्तम अल-शाही सलमान यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि तिचा खर्च ब्रिटिश हार्ट फाउंडेशनने केला. ही संस्था १९६१ साली स्थापन झाली आणि मुख्यतः सामान्य लोकांच्या देणग्या, मृत्युपत्रातून मिळालेल्या रकमा आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतली विक्री यांवर चालते. ब्रिटनमधल्या १२२ रुग्णालयांतून ५३७ रुग्ण सहभागी झाले. निम्म्यांनी गोळी परत सुरू केली, निम्म्यांनी टाळली, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे संगणकाने ठरवलं. २०१९ साली निकाल आला. गोळी सुरू केलेल्या २६८ जणांपैकी १२ जणांना पुन्हा रक्तस्राव झाला, टाळलेल्या २६८ जणांपैकी २३ जणांना. सगळ्यांची अपेक्षा याच्या उलट होती. पुढे जास्त काळ पाठपुरावा केल्यावर दोन गटांतला फरक जवळजवळ मिटला, सुरू केलेल्यांत ८.२ आणि टाळलेल्यांत ९.३ टक्के. म्हणजे अ‍ॅस्पिरिनमुळे रक्तस्राव कमी होतो असा दावा कोणी करू नये. पण ज्या भीतीपायी आपण ती नाकारत होतो, ती भीती समजत होतो तेवढी मोठी नव्हती, एवढं नक्की झालं. त्या मुलीला आता आकडे पुढे ठेवून सांगता येतं. तिच्या वडिलांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये काय दिसतंय, रक्तदाब आटोक्यात आहे का, हृदयाचा धोका किती आहे, हे पाहून निर्णय अजूनही एकेका रुग्णापुरताच घ्यावा लागतो. तरी तो आता अंधारातला निर्णय राहिलेला नाही.

'रीस्टार्ट' मला फार मोलाची वाटते. या प्रश्नाचं उत्तर कसंही आलं असतं तरी कोणत्याही कंपनीची विक्री वाढणार नव्हती. अनोळखी लोकांच्या देणग्यांतून ते उत्तर मिळालं आणि आता जगात कुठल्याही डॉक्टरला ते फुकट वापरता येतं.

आता अशा संशोधनाबद्दल सांगतो ज्याचं कौतुक फार कमी होतं: जे आपण करत होतो ते थांबवायला लावणारं संशोधन. देणगीदारांना नव्या उपचाराची बातमी आवडते, ते स्वाभाविक आहे. पण वॉर्डात वावरणारा माणूस म्हणून मी सांगेन की 'हे करू नका' हे कळणं तितकंच मोलाचं आहे, कधीकधी जास्तच.

फ्लुऑक्सेटिनचं उदाहरण घ्या. हे नैराश्यावरचं जुनं औषध. २०११ साली फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या एका चाचणीत दिसलं की स्ट्रोकनंतर ते दिल्यास हातापायांची ताकद जास्त परत येते. आशा वाटावी असाच तो निकाल होता. गोळी स्वस्त, ओळखीची, मग अनेक ठिकाणी ती सर्रास लिहिली जाऊ लागली. ब्रिटनच्या स्ट्रोक असोसिएशनने 'फोकस' या मोठ्या चाचणीच्या सुरुवातीच्या टप्प्याला पैसा दिला आणि ती व्यवस्थित चालू शकते हे दिसल्यावर सरकारी निधीने पुढचा भार उचलला. ३,१२७ रुग्णांचा निकाल २०१८ च्या अखेरीस आला. सहा महिन्यांनी स्वावलंबनात काहीही फरक नाही. नैराश्य थोडं कमी, पण हाडं मोडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट: १.४७ टक्क्यांवरून २.८८ टक्के. स्वीडनमधल्या 'इफेक्ट्स' चाचणीतूनही, जिच्या मागे तिथल्या हृदय-फुप्फुस आणि मेंदूविषयक निधी संस्था आणि रुग्णांची संघटना होती, तेच दिसलं. आधीच अर्धं अंग लुळं असलेल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आता हातापायांची ताकद वाढावी म्हणून सरसकट ही गोळी देत नाहीत. नैराश्य असेल तर अर्थातच तिचा विचार होतो. ज्यांचं हाड मोडायचं टळलं त्यांना हे कधी कळणारही नाही.

घट्ट मोज्यांची गोष्ट अशीच. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायात रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर मांडीपर्यंतचे घट्ट लवचिक मोजे घालतात, त्यावरून स्ट्रोकच्या रुग्णालाही ते घालायची पद्धत पडली. मोजे चढवणं हे सिस्टरचं रोजचं झटापटीचं काम आणि रुग्णाला त्याचा त्रास. 'क्लॉट्स' चाचण्यांपैकी पहिलीत २,५१८ रुग्ण होते आणि तिच्या निधीत चेस्ट हार्ट अँड स्ट्रोक स्कॉटलंड या संस्थेचा वाटा होता. २००९ च्या निकालात गुठळीचं प्रमाण मोजे घातलेल्यांत १० टक्के, न घातलेल्यांत १०.५ टक्के. फायदा शून्यच म्हणायचा. उलट कातडी सोलणं, फोड, जखमा हे सगळं १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर. त्याच संशोधकांनी मग थांबून थांबून हवा भरणाऱ्या पट्ट्यांची चाचणी केली आणि २०१३ साली दाखवलं की त्यांनी गुठळ्या खरोखर कमी होतात, १२.१ टक्क्यांवरून ८.५ टक्के.

आणि तिसरं उदाहरण नातेवाइकांशी रोज बोलताना कामाला येतं. रुग्णाला लवकर उठवून चालवावं असं सगळ्यांनाच वाटतं. पडून राहिलं की कमजोरी वाढते, फुप्फुसात कफ साठतो, हे खरंच आहे. मग जितकं लवकर आणि जितकं जास्त तितकं चांगलं असणार, नाही का? मेलबर्नच्या ज्युली बर्नहार्ट यांच्या 'अ‍ॅव्हर्ट' चाचणीने हेच तपासलं. पाच देशांतली ५६ रुग्णालयं, २,१०४ रुग्ण. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी निधीबरोबर ब्रिटनमधल्या तीन स्ट्रोक संस्थांनी तिला पैसा दिला होता. २०१५ चा निकाल असा की पहिल्या २४ तासांत सुरू करून वारंवार आणि जास्त वेळ उभं करणाऱ्या गटात तीन महिन्यांनी ४६ टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत होते, नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के. नंतरच्या विश्लेषणातून कळलं की थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवणं बरं, एकदम लांबलचक सत्र वाईट. रुग्णाला झोपवून ठेवा असा याचा अर्थ मुळीच नाही. नेहमीच्या पद्धतीतल्या रुग्णांनाही पहिल्या एक-दोन दिवसांत उठवलं जातच होतं. पण भरती झाल्या रात्रीच "याला आत्ताच चालवा" असा हट्ट कोणी धरला, तर आता फिजिओथेरपिस्टला ठामपणे नाही म्हणता येतं.

स्ट्रोकच्या उपचारांत सर्वाधिक लोकांना उपयोगी पडलेली एक गोष्ट कुठलं औषध नाही की यंत्र नाही. ती म्हणजे स्ट्रोक युनिट. स्ट्रोकचे रुग्ण एका वॉर्डात ठेवायचे, तिथे स्ट्रोकची माहिती असलेले डॉक्टर, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट एकत्र काम करतील, पाणी पाजण्याआधी गिळता येतं का ते तपासतील, ताप आणि साखर वेळच्या वेळी पाहतील, एवढंच. जगभरात अशा लहान लहान चाचण्या झाल्या होत्या, एकेकटी पाहिली तर कोणतीच पुरेशी नव्हती. ग्लासगोचे पीटर लँगहॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या एकत्र केल्या आणि १९९३ साली दाखवलं की असं युनिट जीव वाचवतं. हे एकत्रीकरण पुढे वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि त्यालाही चेस्ट हार्ट अँड स्ट्रोक स्कॉटलंडचा आधार मिळाला. २०२० च्या आवृत्तीत २९ चाचण्या आणि ५,९०२ रुग्ण आहेत. सर्वसाधारण वॉर्डाऐवजी युनिटमध्ये ठेवलेल्या दर १०० रुग्णांमागे २ जण जास्त जगतात, ६ जण जास्त स्वतःच्या घरी राहू शकतात आणि ६ जण जास्त स्वावलंबी होतात. वय कितीही असो, स्ट्रोक सौम्य असो की गंभीर, फायदा होतोच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मोजक्याच रुग्णांना देता येतं, युनिट मात्र प्रत्येकाला लागू पडतं. खर्चाचं म्हणाल तर हे काम संशोधकांच्या वेळेवर, संगणकावर आणि टपालावर भागलं. माझ्या मते स्ट्रोकच्या इतिहासात इतक्या कमी पैशात इतकं मोठं काम क्वचितच झालं असेल.

यंत्रांचं काय, असं कोणी विचारेल. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर मांडीतून तार घालून मेंदूतली गुठळी बाहेर काढतात, ते थ्रॉम्बेक्टमी. आज तो उपचार सर्वमान्य आहे, पण २०१३ मध्ये तो जवळजवळ निकालात निघाला होता. त्या वर्षी लागोपाठ तीन चाचण्या आल्या आणि तिन्हींत फायदा दिसला नाही. नेदरलँड्समध्ये मात्र 'मिस्टर क्लीन' ही चाचणी चालूच राहिली आणि तिच्या मागे उपकरण कंपन्यांच्या विनाअट अनुदानांबरोबर डच हार्ट फाउंडेशन होतं. आधी रक्तवाहिनी खरंच बंद आहे हे स्कॅनवर पाहायचं आणि गुठळी पकडणारी नव्या पिढीची जाळी वापरायची, हा तिच्यातला महत्त्वाचा भाग. १६ केंद्रं, ५०० रुग्ण. तीन महिन्यांनी स्वावलंबी असलेले रुग्ण १९.१ टक्क्यांवरून ३२.६ टक्क्यांवर गेले. निकाल कळल्यावर इतर देशांतल्या चाचण्या मध्येच थांबवून तपासल्या गेल्या आणि त्यांतही हेच दिसलं. संपूर्ण क्षेत्र बदललं. यात कंपन्यांचाही पैसा होता, तो लपवायचं कारण नाही. पण वारं उलटं असताना टिकून राहण्यासाठी निधीचा एक स्रोत असा लागतो ज्याला विक्रीची घाई नसते. पुढे त्याच गटाने थ्रॉम्बेक्टमी करताना अ‍ॅस्पिरिन किंवा हेपारिन हे रक्त पातळ करणारं औषध देऊन बघितलं, रक्तस्राव वाढल्यामुळे चाचणी थांबवली आणि तेही प्रसिद्ध केलं.

जर्मनीतल्या सारलांडमध्ये सीटी स्कॅन बसवलेली रुग्णवाहिका थेट रुग्णाच्या दारात नेण्याची कल्पनाही काही खासगी प्रतिष्ठानं आणि राज्य सरकार यांच्या मदतीने तपासली गेली. २०१२ च्या चाचणीत फोन आल्यापासून उपचाराचा निर्णय होईपर्यंतचा वेळ ७६ मिनिटांवरून ३५ वर आला. मोठ्या रक्तवाहिनीच्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, त्यामुळे ४१ मिनिटं म्हणजे फार झाली. ही सोय सगळीकडे परवडेल असं मात्र मला वाटत नाही.

आता स्ट्रोक टाळण्याबद्दल, कारण तुमच्या वडिलांच्या बाबतीत आता तोच मुद्दा आहे. 'इंटरस्ट्रोक' अभ्यासात ३२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांची पाहणी झाली, आणि निधी देणाऱ्यांत कॅनडाची हार्ट अँड स्ट्रोक फाउंडेशन होती. २०१६ चा निष्कर्ष: बदलता येण्याजोग्या दहा कारणांत जगातल्या सुमारे ९० टक्के स्ट्रोकचं मूळ सापडतं आणि त्यात एकट्या उच्च रक्तदाबाचा वाटा जवळपास निम्मा. बाकीची कारणं ओळखीचीच आहेत: तंबाखू, मधुमेह, हालचाल नसणं, पोटाचा घेर, आहार, कोलेस्टेरॉल, दारू, मानसिक ताण, हृदयाचे विकार. आधीची बरीचशी माहिती श्रीमंत देशांतली होती. हीच कारणं सर्व खंडांत लागू पडतात हे या अभ्यासाने दाखवलं. म्हणून रक्तदाबाची गोळी कधी चुकवू नका हे मी रुग्णांना पुन्हा पुन्हा बजावतो.

ब्रिटिश हार्ट फाउंडेशनने ज्यात वाटा उचलला त्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'मध्ये २०,५३६ लोक होते. २००२ मध्ये तिने दाखवलं की धोका जास्त असलेल्या लोकांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) दिल्यास, कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नसलं तरी, स्ट्रोक सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात. तिच्यात औषध कंपनीचाही पैसा होता.

पण स्ट्रोक टाळण्यातलं माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचं काम ऑक्सफर्डमधलं आहे. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं ठीक झालं, याला टीआयए म्हणतात. लोक म्हणतात, गेलं ना, मग कशाला डॉक्टर? पीटर रॉथवेल यांच्या गटाने एका लोकसंख्येतले असे सगळे रुग्ण वर्षानुवर्षं नोंदवले आणि या कामाच्या खर्चात धर्मादाय संस्थांचा वाटा होता. त्यांना दिसलं की पुढच्या मोठ्या स्ट्रोकचा धोका पहिल्या काही दिवसांतच एकवटलेला असतो. मग त्यांनी पद्धत बदलली: वेळ घेऊन ये, नंतर तुझा डॉक्टर औषध लिहून देईल, असं न करता त्याच दिवशी तपासणी आणि त्याच दिवशी औषध. २००७ साली 'एक्स्प्रेस' अभ्यासात ९० दिवसांतल्या स्ट्रोकचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलेलं दिसलं. औषधं तीच, जुनीच. बदलला तो फक्त दिवस. तुमच्या घरात कोणालाही अशी लक्षणं आली आणि गेली, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना स्ट्रोकनंतर रक्त पातळ करणारं औषध कधी सुरू करायचं, यावरही बराच काळ अंदाजाने चाललं होतं. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या पैशातून झालेल्या 'ऑप्टिमास' चाचणीत साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण होते. चार दिवसांच्या आत सुरू करा किंवा एक-दोन आठवडे थांबा, पुन्हा स्ट्रोक, मेंदूत रक्तस्राव अशा वाईट घटनांचं प्रमाण दोन्हींकडे सारखंच, ३.३ टक्के, हे २०२४ मध्ये कळलं. म्हणजे अनेक रुग्णांना औषध सुरू करूनच घरी पाठवता येतं, नंतर विसरून जायचा धोका राहत नाही.

एक प्रश्न अजून उघडा आहे आणि देणगीचा पैसा टप्प्याटप्प्याने कसा काम करतो हे त्यातून नीट दिसतं. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारातून लहान स्ट्रोक होतात आणि हळूहळू स्मृतिभ्रंशही येतो. त्यावर खास उपचार आज नाही. एडिनबराच्या जोॲना वॉर्डलॉ यांच्या गटाने दोन जुनी औषधं निवडली, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टॅझॉल. पहिली छोटी चाचणी, फक्त ५७ रुग्णांची, अल्झायमर्स सोसायटीच्या पैशातून झाली: ही औषधं लोकांना सोसतात का, एवढंच पाहायला. मग ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या पैशातून ३६३ रुग्णांची 'लासी-२' झाली, २०२३ मध्ये निकाल आशादायक आला, आणि पुढची मोठी चाचणी हाती घेतली गेली. औषधं खरंच उपयोगी आहेत हे अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी ती यासाठी लिहून देत नाही. पण पहिल्या ५७ रुग्णांचा खर्च कोणी दिला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

घरी गेल्यानंतरच्या आयुष्याकडे संशोधनाचं लक्ष उशिरा गेलं. तिकडे ते वळवण्यात धर्मादाय संस्थांचा मोठा हात आहे, कारण रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी माणसं या संस्थांशी थेट बोलतात. स्कॉटलंडमध्ये रुग्ण, कुटुंबीय आणि उपचार करणारे यांना एकत्र बसवून विचारलं की स्ट्रोकनंतरच्या आयुष्यातला कोणता प्रश्न आधी सोडवावा. २०१२ च्या त्या यादीत पहिल्या क्रमांकावर स्मरणशक्ती आणि विचारशक्ती कशी सुधारावी हा प्रश्न आला. डॉक्टरांनी एकट्याने यादी केली असती तर मला नाही वाटत तो पहिला आला असता. बोलणं गेलेल्या रुग्णांसाठीच्या 'बिग कॅक्टस' चाचणीत टॅव्हिस्टॉक ट्रस्ट फॉर अफेजिया या संस्थेने सरकारी निधीला जोड दिली. संगणकावर घरच्या घरी सराव केल्याने शब्द आठवणं सुधारलं, स्ट्रोकला वर्षं लोटली असली तरी. गप्पा मारण्यात मात्र ती सुधारणा उतरली नाही. दोन्ही गोष्टी जशा आहेत तशा सांगितल्या गेल्या, याला मी महत्त्व देतो. रोज शब्दांचा सराव करणाऱ्या माणसाला आणि त्याच्या बायकोला नेमकी कशाची आशा धरावी हे कळायला हवं.

या सगळ्यात उणिवाही आहेत. कितीतरी धर्मादाय अनुदानं इतक्या छोट्या अभ्यासांना जातात की त्यांतून ना हो कळतं ना नाही, आणि पुढचा टप्पाही येत नाही. काही निकाल, विशेषतः नकारात्मक, प्रसिद्धच होत नाहीत. मग दुसरीकडे कोणीतरी तेच पुन्हा करतं. आणखी मोठी अडचण म्हणजे स्ट्रोकने होणारे बहुसंख्य मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, पण देणग्यांतून होणारं संशोधन मुख्यतः श्रीमंत देशांत होतं. अपवाद आहेत. 'इंटरॅक्ट-३' चाचणीत दहा देशांतले ७,०३६ रुग्ण होते, दहापैकी नऊ देश कमी-मध्यम उत्पन्नाचे, आणि निधीत वेलकम ट्रस्ट या ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थेचा सहभाग होता. मेंदूतल्या रक्तस्रावात रक्तदाब तासाभरात खाली आणणं, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणं आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम लगेच उलटवणं, हे सगळं एकत्र केलं की रुग्ण जास्त बरे होतात, हे तिने २०२३ मध्ये दाखवलं. साध्या रुग्णालयातही जमेल असं हे आहे. असं काम आणखी खूप व्हायला हवं.

आता तुमच्या रकमेबद्दल. संस्थेची जाहिरात पाहू नका, तिने आजवर कुठल्या अभ्यासांना पैसा दिला आणि त्यांचे निकाल छापून आले का, ते विचारा. फसलेल्या चाचण्यांची माहितीही उघडपणे देणारी संस्था मला जास्त विश्वासाची वाटते. अर्ज कोण तपासतं, बाहेरचे तज्ज्ञ आणि रुग्ण त्यात असतात का, हे विचारा. तरुण संशोधकांना शिष्यवृत्ती किंवा पहिलं अनुदान देण्याची योजना असेल तर तिला प्राधान्य द्या, कारण स्ट्रोकमध्ये काम करायला येणारी माणसं कमी आहेत आणि पहिली दोन-तीन वर्षं निभावली तर ती टिकतात. रक्कम अमुकच विषयावर खर्च व्हावी अशी अट घालायचा मोह होईल. ती सैल ठेवा, "पुनर्वसन" किंवा "स्ट्रोक टाळणं" एवढी दिशा पुरे. निकाल यायला सात-आठ वर्षंही लागू शकतात. 'अ‍ॅव्हर्ट'मध्ये नुसते रुग्ण गोळा करायला २००६ ते २०१४ लागली. तेव्हा वर्षभरात काय झालं असं विचारलंत तर संस्थेकडे फक्त "किती रुग्ण सहभागी झाले" हेच उत्तर असेल, आणि ते उत्तर योग्यच असतं.

पैशाइतकीच दुसरी एक गोष्ट तुमच्या वडिलांना स्वतः देता येईल. ते जिथे उपचार घेतात तिथे स्ट्रोकनंतरच्या रुग्णांवर कुठली चाचणी चालू आहे का, हे पुढच्या भेटीत विचारा. असेल तर माहितीपत्रक घरी आणून सगळ्यांनी वाचा, शंका विचारा, आणि वडिलांना पटलं तरच सही करू द्या. मध्येच बाहेर पडायचा हक्क त्यांना कायम असतो आणि त्याने त्यांच्या नेहमीच्या उपचारांवर काही परिणाम होत नाही. निधी असूनही पुरेसे रुग्ण मिळाले नाहीत म्हणून अर्धवट राहिलेल्या चाचण्या बऱ्याच आहेत.